पहारेकऱ्याचाही जीव



प्रेषितांच्या कृत्यांच्या १६ व्या अध्यायात फिलिप्पै येथील तुरुंगाची घटना येते. मध्यरात्री भूकंप झाला, दारे उघडली. कैदी पळाले असे समजून तुरुंगाच्या अधिकाऱ्याने स्वतःला संपवण्यासाठी तलवार उपसली. तेवढ्यात आतून संत पौलाने मोठ्याने हाक मारून त्याला थांबवले. ज्याने पौलाचे पाय खोड्यात अडकवले होते, त्याचाच जीव पौलाने वाचवला.

बंदिवानांची भेट घ्या, ही प्रभूची शिकवण आपल्याला ठाऊक आहे. पण त्याच भिंतींआड पहारा करणाऱ्यांची आठवण आपण किती वेळा करतो?

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात मन्रो येथील तुरुंगात जेमी बीन्डल ही ३४ वर्षांची अधिकारी कैद्यांच्या चॅपलमध्ये पहाऱ्यावर असे. २९ जानेवारी २०११ च्या रात्री ती तेथे एकटी होती. जन्मठेप भोगणाऱ्या एका कैद्याने त्या प्रार्थनास्थळीच गळा आवळून तिचा प्राण घेतला. ड्युटी संपूनही तिच्या चाव्या व वायरलेस परत आले नाहीत, तेव्हा शोध सुरू झाला. तेथे एकटीने काम करण्याची काळजी तिने पूर्वीच वरिष्ठांना बोलून दाखवली होती, असे सहकाऱ्यांनी नंतर सांगितले.

त्याच वर्षी राज्याने कायदा केला. कर्मचाऱ्यांच्या सूचना ऐकण्यासाठी प्रत्येक तुरुंगात सुरक्षा समिती आली. प्रशिक्षण, अंगावर बाळगायचा अलार्म, मिरचीचा फवारा यांचाही विचार झाला. हे सारे चांगले झाले. पण जेमीसाठी उशीर झाला होता.

बंधुभगिनींनो, मृताला फुले वाहणे व सलामी देणे योग्यच आहे. परंतु खरा सन्मान म्हणजे जिवंतपणी त्याचे ऐकणे. एका कैद्याच्या पापामुळे सर्वांसाठी चॅपलचे दार बंद करावे, असे प्रभू सांगणार नाही. दार उघडे असावे, पण दाराशी कोणाला एकटे सोडू नये.

आपल्या धर्मग्रामातही कोणी पोलिसात आहे, कोणी वॉचमन, कोणी रात्रपाळीची नर्स. ‘मला तेथे भीती वाटते’ असे त्यांनी घरी येऊन सांगितले, तर हसण्यावारी नेऊ नका. त्यांच्या वतीने बोला.

आजच्या मिस्सामध्ये बंदिवानांबरोबर त्यांच्या रक्षकांसाठीही प्रार्थना करू या. कर्तव्य बजावताना मरण पावलेल्यांना प्रभू चिरशांती देवो आणि आपल्याला वेळीच ऐकणारे कान देवो. आमेन.