परक्याच्या वावरास खत घालावे काय?

पौष सरत आला म्हणजे चकलांब्याच्या शिवारात कापसाची वेचणी आटोपते, पऱ्हाटी उपटून बांधावर पडते, आणि विहिरीजवळच्या दोन-चार गुंठ्यांकडे लक्ष जाते. उन्हाळी गवार-भेंडी घ्यावयाची असो की मृगावर वांगी-मिरची लावावयाची असो, जमिनीस हात आताच लागला पाहिजे. काळी जमीन पुरती वाळून दगड झाली म्हणजे तीवरून टिकाव उडू लागतो. हरळीच्या मुळ्या व लव्हाळ्याच्या गाठी खोल खणून, वेचून, उन्हात टाकाव्या लागतात. वरवर खुरपले तर त्या दुप्पट जोमाने उठतात. मग कुजलेले शेणखत पसरून मातीत मिसळावयाचे. हे सर्व आमच्या वाचकांस आम्हांहून अधिक ठाऊक आहे.

परंतु अशाच दिवसांत एका बंधूने आम्हांस जो प्रश्न केला, तो खुरप्याचा नव्हता. हे बंधू विहिरीखालचे तीन गुंठे बटईने करितात. निम्मे उत्पन्न मालकाचे. करार तोंडी, पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. ते म्हणाले, “पाळकसाहेब, उकिरड्यात दोन गाड्या खत तयार आहे. घालू की विकू? पाडव्याला वावर दुसऱ्याकडे गेले, तर माझे खत त्याच्या वांग्यांना.”

आम्ही तात्काळ उत्तर दिले, “घाला.” वर चार शब्द उपदेशाचेही बोललो. बंधू काही न बोलता उठून गेले.

रात्री आमचे आम्हांसच लाजिरवाणे वाटले. मागल्या ठिकाणी बदलीची चाहूल लागताच आम्ही परसात कुदळ म्हणून लाविली नव्हती. उलट ज्या घरी आम्ही आलो, तेथे पूर्वीच्या बिऱ्हाडकरूने खताचा खड्डा भरून ठेविला होता. त्याच्या शेवग्याच्या शेंगा आम्ही पहिल्याच वर्षी खाल्ल्या. शिवाय आमचा पगार महिन्याच्या महिन्यास येतो. त्या बंधूंचा मुलगा दिवाळीनंतर ऊसतोडीस जातो, आणि खताचे पैसे हाती आले तर पुढल्या खेपेस मुकादमाकडून उचल तेवढी कमी घ्यावी लागते. दुसऱ्याच्या उकिरड्यावर उदार होणे फार सोपे!

प्रश्न खरोखर कठीण आहे. शेणखताचा सारा कस पहिल्याच पिकास मिळत नाही. तो हळूहळू दोन-तीन वर्षे उतरत राहतो. आणि जमीन तयार करण्याचे दिवस नेमके कराराच्या शेवटास येतात. म्हणजे आज खत घालणाऱ्याचे हक्काचे दोन-अडीच महिने, आणि पुढली वर्षे कोणाची ते मालक जाणे. असे असता जो खत विकतो, त्यास आम्ही अधर्मी म्हणणार नाही.

तथापि दुसरी बाजू आहे. त्या बंधूंनी गेले वर्षभर ह्याच मातीतून मेथी, चुका, वांगी काढिली. ते देणे मालकाचे नव्हे, मातीचे आहे. मालकाचा वाटा त्यास पोहोचला म्हणून मातीचे देणे फिटत नाही. प्रत्येक बटईदाराने घेऊनच जावयाचे ठरविले, तर पाचव्यास तेथे हरळीवाचून काय मिळेल?

परंतु हे सर्व ओझे गरिबाच्या एकट्याच्या डोक्यावर का? निम्मे पीक घेणाऱ्या मालकाने निम्मे खत का देऊ नये? हैदराबाद संस्थानच्या मुलखासाठी १९५० साली कुळकायदा झाला. तेव्हापासून कुळाने पुढे हक्क सांगू नये म्हणून पुष्कळ मालक लेखी करार टाळितात. त्यांची भीती आम्हांस समजते. पण कुळाच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्याच्या भयाने कूळच उघडे पडावे, हे विपरीत होय. इंग्लंडात हाच तंटा होता. जमीन सोडून जाणाऱ्या कुळास जमिनीत शिल्लक राहिलेल्या खताची भरपाई मिळावी, असा कायदा तेथे १८७५ साली झाला. परंतु करारात लिहून तो टाळण्याची मोकळीक होती, आणि पुष्कळांनी तो टाळिला. १८८३ साली ती भरपाई सक्तीची करावी लागली. नुसत्या भलेपणावर मालकांनी दिले नाही, हे ध्यानात घ्यावे.

फळ न देणाऱ्या अंजिराचा दाखला आपण पुष्कळदा ऐकतो. त्यातला माळी भोवती खणून खत घालावयास तयार आहे. बाग त्याची नाही, झाडही त्याचे नाही. येथवरच आम्ही आजपर्यंत सांगत आलो. परंतु खत घालण्यापूर्वी त्याने धन्याजवळ एक वर्षाची मुदत मागितली, हे आमच्या नजरेतून सुटले होते. मागणे हेही त्याच्या कामातलेच होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या बंधूंच्या घरी जाऊन आदल्या दिवशीचे आमचे उत्तर परत घेतले, व मालकाकडे तीन वर्षांची बोली आणि निम्मे खत मागावे असे सुचविले. ते हसले. “मी मागितले तर वावरच जाईल,” म्हणाले. हे खोटे आहे असे आम्हांस म्हणवेना.

अखेर त्यांनी एक गाडी खत वावरात टाकिले आणि एक विकिले. मालक बाजाराच्या दिवशी गावात असतात. त्या दिवशी आम्हीही बरोबर येऊ, असे त्यांस सांगितले आहे.