पोथी आणि हेडफोन

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या मराठी माणसांत एक सवय मला वरचेवर दिसते. सकाळी लॅपटॉप उघडायचा, हेडफोन लावायचे आणि कोड लिहिता लिहिता ज्ञानेश्वरीचा अध्याय ऐकायचा. कामही होते आणि पोथीही होते, असा हिशेब. मी याच व्यवसायात आहे, रोज पोथी वाचतो, आणि हा हिशेब मला मुळातच चुकीचा वाटतो.

पार्श्वसंगीताला माझा विरोध नाही. शेजारी कुणी फोनवर बोलत असताना शिवकुमार शर्मांचे संतूर कानात असले तर काम सुरळीत चालते. शब्द आले, तेही आपल्या भाषेतले, की अडचण सुरू होते. समजा, एकच पेमेंट खात्यात दोनदा नोंदले जात आहे. पहिली रिक्वेस्ट तपासते, ही नोंद आधी झाली आहे का? उत्तर, नाही. तिने नोंद लिहिण्याआधीच दुसरी रिक्वेस्ट तेच तपासते. उत्तर पुन्हा नाही. मग दोघीही लिहून मोकळ्या होतात. लॉगमध्ये अंतर दिसते ते काही मिलिसेकंदांचे. हा क्रम पकडायचा तर तो मनातल्या मनात बोलावा लागतो. त्याच वेळी कानात भीमसेन जोशींचा अभंग असेल, तर एकतर क्रम सुटतो, नाहीतर अभंग ऐकूच येत नाही.

यावर जात्यावरच्या ओव्यांचा दाखला दिला जातो. आपल्या आज्या-पणज्यांनी दळताना विठ्ठल गायला, सावता माळ्यांनी अरणच्या मळ्यात त्याचे नाव घेतले. दाखला खराच आहे. पण दळताना हात गुंततात, वाणी मोकळी असते. प्रोग्रामरची वाणीच कामाला जुंपलेली असते. शिवाय तेरच्या गोरोबाकाकांची कथा आठवून पाहा. चिखल तुडवताना ते भजनात इतके बुडाले की रांगत आलेले पोटचे मूल पायाखाली आले तरी त्यांना कळले नाही. आपण ती भक्तीची परिसीमा म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण भजन खरोखर लागले की हातातल्या कामाचे भान उरत नाही, हेही तीच कथा सांगते. कामामागे तासन्‌तास बिनबोभाट वाजत राहते, ते मनाला लागलेलेच नसते.

डोनाल्ड क्नूथ यांचे उदाहरण मला इथे मोलाचे वाटते. ‘द आर्ट ऑफ कम्प्युटर प्रोग्रामिंग’चा पहिला खंड त्यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केला, तो ग्रंथ ते पुढेही लिहीतच राहिले. ते श्रद्धाळू लूथरन ख्रिस्ती आहेत, आणि घरी पाइप ऑर्गन वाजवतात. एकाग्रता मोडू नये म्हणून १ जानेवारी १९९० पासून त्यांनी ईमेल सोडला. बायबल वाचायला त्यांनी नमुना निवडीची पद्धत लावली : प्रत्येक पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातले सोळावे वचन घ्यायचे आणि अभ्यासकांनी त्यावर जे लिहिले ते धुंडाळायचे. त्यातून १९९१ मध्ये एक पुस्तक झाले. बायबलमधल्या ‘प्रकटीकरणा’वर त्यांनी ऑर्गनसाठी दीर्घ रचना केली; ती त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, १० जानेवारी २०१८ रोजी, स्वीडनमध्ये प्रथम सादर झाली. कोड, संगीत आणि धर्मग्रंथ या तिन्हींना या माणसाने पुरता वेळ दिला.

आपल्याकडे पोथी म्हटली की पारायणच डोळ्यांपुढे येते. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे ९ हजार, म्हणजे सप्ताहात रोज १,३०० च्या घरात. सप्ताहाला बसलेल्याला ते साधते. नोकरी करणाऱ्याला साधत नाही, म्हणून तो हेडफोनकडे वळतो. पण शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्या ग्रंथाचा पाठ शुद्ध करून ठेवला, त्याचा शब्दन्‌शब्द थांबून वाचण्याच्या लायकीचा आहे. तेव्हा लॅपटॉप उघडण्याआधी सार्थ ज्ञानेश्वरी उघडा. पाचच ओव्या अर्थासह वाचा, मग पोथी मिटून कामाला लागा. रोज पाच ओव्यांनीही पाच वर्षांत ग्रंथ पुरा होतो.