शंकासमाधान : नातवंडांचा वाढदिवस

प्रश्न : आमची नात २०२३ च्या अधिक श्रावणात जन्मली. अधिक श्रावण दरसाल येत नाही, मग तिचा वाढदिवस तिथीने कसा करावा? मुलगा म्हणतो, तारखेनेच करू. तसे केल्यास दोष आहे काय? — एक आजोबा, नाशिक

उत्तर : दोष मुळीच नाही. अधिक मासात जन्मलेल्या अपत्याचा वाढदिवस एरवीच्या वर्षी त्याच नावाच्या साध्या महिन्यात, त्याच पक्षात आणि त्याच तिथीस करावा. उलट ज्याचा जन्म साध्या महिन्यातला, त्याने तो महिना एखाद्या वर्षी दोनदा आल्यास (२०२६ साली ज्येष्ठ तसा आहे) अधिकातली तिथी सोडून निज महिन्यातली धरावी. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्यामुळे तिथी दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरते, अधिक मास तिला पुन्हा पुढे आणतो, आणि १९ वर्षांनी तिथी व तारीख बहुधा एकत्र येतात. २००४ साली अधिक श्रावण होता, तो पुन्हा २०२३ साली आला, हा त्याच हिशेबाचा दाखला. तिथीच्या सकाळी अभ्यंगस्नान आणि औक्षण घरच्या घरी करावे, आणि पाहुण्यांचे जेवण मुलाच्या कचेरीच्या सोयीने तारखेस किंवा रविवारी ठेवावे. दोन दिवस कौतुक झाले म्हणून कोणत्याही मुलाने तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

प्रश्न : माझ्या नातवाला पुढील महिन्यात पाचवे वर्ष लागेल. माझे यजमान तीन वर्षांपूर्वी वारले. तेव्हापासून त्याच्या वाढदिवसाला मी तबक तयार करून सुनेच्या हाती देते आणि स्वयंपाकघरात जाऊन बसते. गेल्या वर्षी त्याने सर्वांसमक्ष विचारले, “आजी, तू का नाही ओवाळत?” सून मनापासून आग्रह करते, परंतु विहीणबाईंना आणि शेजारच्या वडीलधाऱ्या बायकांना ते रुचणार नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही भीती वाटते. मी काय करावे? — एक आजी, सांगली जिल्हा

उत्तर : आपण ओवाळावे, आणि सर्वांच्या आधी ओवाळावे.

औक्षण सवाष्णींनीच करावे ही रूढी जुनी आहे आणि ती अनेक घरांत आजही पाळली जाते, हे मी नाकारीत नाही. परंतु वाढदिवसाचा जो विधी आपल्या निबंधकारांनी सांगितला आहे, त्याचे प्रयोजन काय, हे प्रथम पाहू. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी शके १७१२ मध्ये, म्हणजे १७९० साली, जो ‘धर्मसिंधु’ पुरा केला आणि ज्याच्या आधारे महाराष्ट्रातील घरोघरचे धर्मनिर्णय पुढे होत आले, त्यात या विधीला वर्धापन म्हटले आहे : तीळ लावून स्नान, नवे वस्त्र, देवतांचे आणि गुरुजनांचे पूजन, षष्ठीदेवीला दहीभात, आणि अखेरीस तीळ व गूळ घातलेले दूध प्यावयाचे. ज्यांचे स्मरण करावयाचे ते मार्कंडेय, अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप आणि परशुराम. ही सारी नावे दीर्घायुष्याची आहेत. मार्कंडेय तर सोळा वर्षांचेच आयुष्य घेऊन जन्मलेला आणि काळाला परत फिरविणारा. त्या दिवशी मुलासाठी जे मागावयाचे ते आयुष्य. आणि ज्यांनी पुष्कळ आयुष्य पाहिले, दुःखासह पाहिले, आणि तरीही ज्यांचा हात मुलाच्या डोक्यावरून मायेने फिरतो, अशी घरातली व्यक्ती कोण, तर आपण. जे मागायचे ते ज्यांच्या ठायी प्रत्यक्ष आहे, त्यांनाच मागणीच्या वेळी दाराआड बसविणे हे मला केवळ निष्ठुरच नव्हे, तर त्या विधीच्या हेतूशीही विसंगत वाटते.

इतिहासाकडे पाहावे तर, शहाजीराजे १६६४ च्या जानेवारीत निवर्तले आणि रायगडावर राज्याभिषेक झाला तो ६ जून १६७४ रोजी. त्या प्रसंगी ज्या मातोश्रींचा आशीर्वाद महाराजांना सर्वांत मोलाचा होता, त्या जिजाबाईसाहेबांच्या वैधव्यास तेव्हा दहा वर्षे होऊन गेली होती, आणि त्यांच्या सान्निध्याने त्या मंगलकार्याला उणेपणा आला असे म्हणण्याची कोणाची छाती झाली नाही, पुढेही होणार नाही. अलीकडचे पाहावे तर, कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने २०२२ साली ठराव करून पतिनिधनानंतर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे हे प्रकार बंद केले. ते गाव आपल्यापासून दूर नाही. एका गावाला जे एकत्र बसून ठरविता आले, ते एका घराला कठीण जाऊ नये.

आता राहिली भीती. ती मी हलकी लेखीत नाही, कारण ती नातवाच्या प्रेमापोटीच उपजली आहे. चार दिवसांनी मुलाला ताप आला तर सर्वांची नजर आपल्याकडे वळेल, आणि त्याहून वाईट म्हणजे आपण स्वतःलाच दोष द्याल, हे आपल्या मनात आहे. बाई, लहान मुलांना ताप येतोच. तो डासांनी येतो, पाण्याने येतो, हवापालटाने येतो. गेली तीन वर्षे आपण दूर बसलात, त्या काळात त्याला एकदाही पडसे-खोकला झाला नाही काय?

विहीणबाईंशी वाद घालू नये. त्यांच्यापाशी सुनेने आधी दोन शब्द बोलून ठेवावे, कारण आपल्या लेकीचे म्हणणे त्या अधिक सहज ऐकतील. पाट पूर्वेकडे तोंड करून मांडावा, भोवती रांगोळी असावी, निरांजनात साजूक तुपाची फुलवात. मुलाला आपण कुंकू लावावे, अक्षता टाकाव्या, सुपारी आणि अंगठी ओवाळून मग निरांजन ओवाळावे. सोन्याची अंगठी जी घ्यावयाची ती आपल्या यजमानांची घ्यावी. नातवाला आजोबांचेही औक्षण लाभेल. आपल्या पाठोपाठ तबक विहीणबाईंच्या हाती द्यावे, म्हणजे दुसरा मान त्यांचा राहील.

प्रश्न : केकवरील मेणबत्त्या फुंकून विझविणे अशुभ आहे काय? — एक आजी, पुणे

उत्तर : मेणबत्त्यांचा हा प्रघात अठराव्या शतकात जर्मनीत होता आणि तेथून जगभर गेला. तो अशुभ नाही, परंतु ज्या घरात दिवा तोंडाने फुंकीत नाहीत, त्या घरातल्या मुलाच्या मनात त्याने उगाच घोटाळा होतो. शिवाय फुंकलेला केक उष्टा होतो आणि तोच पाहुण्यांना वाढावा लागतो. मुलाला जितकी वर्षे पुरी झाली तितक्या पणत्या त्याच्याच हाताने, मोठ्यांनी हात धरून, लावून घ्याव्यात. मुलांना दिवा लावण्याचा आनंद विझविण्याहून कमी नसतो. एवढे करूनही कोणी हौसेने मेणबत्त्या आणल्याच, तर मुलादेखत त्या काढावयास लावू नयेत. वर्धापनाच्या दिवशी जी कृत्ये वर्ज्य सांगितली आहेत, त्यांत नखे-केस कापणे आणि दूरचा प्रवास यांच्याबरोबर कलहही येतो.