शत्रूला चेहरा कधी मिळाला?

२७ मार्च २०२४ रोजी मॉस्कोतल्या ख्राइस्ट द सेव्हियर कॅथेड्रलमध्ये जागतिक रशियन लोकपरिषदेचे अधिवेशन भरले. परिषदेचे प्रमुख रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे पेट्रिआर्क किरिल. तिथे मंजूर झालेल्या ठरावात युक्रेनमधल्या लढाईला 'पवित्र युद्ध' म्हटले गेले. त्याआधी, सप्टेंबर २०२२ मध्ये, पुतिन यांनी सैन्यभरतीचा हुकूम काढल्याला आठवडाही उलटला नव्हता, तेव्हा किरिल यांनी प्रवचनात सांगितले होते की कर्तव्य बजावताना सैनिकाला मरण आले तर त्या बलिदानाने त्याची सगळी पापे धुतली जातात. अमेरिकेत २०२० च्या डिसेंबरात निवडणुकीचा निकाल न मानणारे लोक 'जेरिको मार्च' काढून, मेंढ्याच्या शिंगाच्या तुताऱ्या फुंकत, वॉशिंग्टनमधल्या सरकारी इमारतींभोवती फिरले. बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकात यरीहोचा, म्हणजे जेरिकोचा, तट असाच कोसळतो.

दोन्हीकडे सांगणे एकच: आमची लढाई आध्यात्मिक आहे आणि शत्रू तो बघा, समोर उभा आहे. ख्रिस्ती शास्त्राच्या हिशेबात ही दोन वाक्ये एकत्र नांदूच शकत नाहीत. शत्रूकडे बोट दाखवता येत असेल, तर ती लढाई आध्यात्मिक उरलेली नसते.

हे पौलाच्या इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात स्वच्छ लिहिलेले आहे. आपला झगडा रक्तमांसाच्या माणसांशी नाही, अदृश्य दुष्ट सत्तांशी आहे, हे तिथे आधी सांगितले जाते आणि मगच शस्त्रांची यादी येते. सत्याचा कमरबंद, नीतिमत्त्वाचे चिलखत, विश्वासाची ढाल, तारणाचे शिरस्त्राण, आणि पायात चढवायची ती शांतीच्या शुभवर्तमानाची तयारी. तलवार एकच, आणि ती म्हणजे देवाचे वचन. चिलखत आणि शिरस्त्राण यशयाच्या ५९ व्या अध्यायातून घेतलेले. तिथे ते खुद्द देवाने अंगावर चढवले आहे. रोमी शिपाई ज्यांनी रोज पाहिला आणि सोसला, अशा लोकांना उद्देशून हे लिहिले गेले. शिपायाच्या अंगावरचा एकेक जिन्नस उचलून त्याचा मारण्याशी असलेला संबंध तोडून टाकायचा, हाच त्या परिच्छेदाचा सारा उद्योग आहे.

मग जुन्या करारातल्या कत्तलींचे काय? यरीहो, अमालेक, सबंध कनान? तिसऱ्या शतकात धर्मपंडित ओरिजेनने यहोशवाच्या पुस्तकावर प्रवचने दिली, तेव्हा हा प्रश्न त्याच्याही पुढ्यात होता. या लढाया आत्म्यातल्या लढायांच्या खुणा नसत्या, तर प्रेषितांनी ही पुस्तके मंडळीत वाचायला दिलीच नसती, असे त्याचे उत्तर. ते सगळ्यांना पटणार नाही. मलाही त्यात मारल्या गेलेल्यांचा आवाज कुठे ऐकू येत नाही. पण पुढची कित्येक शतके चर्चने कनान वाचला तो असाच. इजिप्तच्या वाळवंटातले संन्यासी हीच लढाई लढत होते. त्यांच्यातल्या एव्हाग्रियसने खादाडपणा, वासना, लोभ, क्रोध, गर्व असे आठ वैरी मोजले. षड्रिपू ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला ही यादी परकी वाटणार नाही. 'ख्रिस्ताचा शिपाई' म्हटले की डोळ्यांपुढे यायचा तो हुतात्मा किंवा संन्यासी. हातात काही नसलेला.

इथवर फारसा वाद नाही. घोटाळा पुढे होतो. सगळे सांगतात की इसवी सन ३१२ मध्ये मिल्वियन पुलाच्या लढाईपूर्वी रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनला स्वप्न पडले, त्याने ख्रिस्ताचे चिन्ह मिरवले, तो जिंकला आणि चर्चच्या हाती तलवार आली. उरलेली कसर धर्मपंडित ऑगस्टिनच्या 'न्याय्य युद्धा'ने भरून काढली. धर्मयुद्धे, इन्क्विझिशन, वसाहतवाद हे सगळे म्हणे तिथूनच ओघाने आले. ही मांडणी आटोपशीर आहे, म्हणून लोकप्रिय आहे. पण ती चूक आहे. कॉन्स्टंटाइननंतर ख्रिस्ती माणूस सैन्यात राजरोस लढू लागला, हे खरे. पण सातशे वर्षे चर्चने त्याला सांगितले ते हेच की तुला मारावे लागले असेल, तरी तुझे हात स्वच्छ नाहीत.

चौथ्या शतकातला कैसरियाचा बिशप बासिल युद्धातल्या हत्येला खून मानत नाही, पण अशा सैनिकाने तीन वर्षे पवित्र प्रसादापासून दूर राहिलेले बरे, असा सल्ला देतो. ऑगस्टिनने आफ्रिकेतला सेनानी बोनिफेस याला पाठवलेले पत्र तर मुळातून वाचावे असे आहे. तो लिहितो की इतर लोक तुझ्यासाठी प्रार्थना करून अदृश्य शत्रूंशी लढतात, तू त्यांच्यासाठी दृश्य शत्रूंशी लढतोस. दोन लढाया, दोन प्रकारची माणसे. बोनिफेसची लढाई गरजेची आहे, कदाचित माफ करण्याजोगीही. पण ती दुसरी लढाई नव्हे. ज्याच्यावर धर्मयुद्धाचे खापर फोडले जाते, त्या ऑगस्टिनने या दोहोंमधली भिंत जागेवर ठेवली होती.

ही भिंत किती टिकली, हे हेस्टिंग्जच्या लढाईवरून कळते. १०६६ मध्ये नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने इंग्लंड जिंकले. पोप दुसरा अलेक्झांडर त्याच्या बाजूचा होता. तरीही लढाईनंतर काही वर्षांतच नॉर्मंडीच्या बिशपांनी, पोपच्या प्रतिनिधीच्या संमतीने, जिंकलेल्या सैन्यासाठी प्रायश्चित्ताची यादी काढली. ज्याने माणूस मारल्याचे त्याला ठाऊक आहे, त्याने दर माणसामागे एक वर्ष प्रायश्चित्त घ्यावे. घाव घातला, पण तो माणूस मेला की वाचला हे माहीत नाही, तर अशा दर माणसामागे चाळीस दिवस. किती मारले हेच आठवत नसेल, तर उरलेल्या आयुष्यभर आठवड्यातला एक दिवस, नाहीतर चर्च बांधून द्यावे. तिरंदाजाला आपला बाण कोणाला लागला हे कळायचा मार्ग नाही. त्याला तीन उपवासकाळांचे प्रायश्चित्त. ज्याने कोणाला इजा केली नाही, पण करायची इच्छा धरली, त्यालाही तीन दिवस.

ही यादी मी कितीदा तरी वाचली आहे. पराभूतांवर लादलेले हे कलम नव्हे. पोपचा आशीर्वाद असलेल्या, जिंकलेल्या, आपल्याच फौजेकडून चर्च हा हिशेब मागते आहे. इच्छेचासुद्धा.

आणि मग १०९५. क्लेरमाँ इथल्या धर्मपरिषदेत पोप दुसरा अर्बन याने जाहीर केले की जो मानासाठी किंवा पैशासाठी नव्हे, केवळ भक्तीपोटी जेरुसलेमच्या मुक्तीसाठी जाईल, त्याचा तो प्रवासच त्याचे संपूर्ण प्रायश्चित्त समजला जाईल. हेस्टिंग्जनंतर जेमतेम तीस वर्षांत. आदल्या पिढीने ज्या कर्मासाठी प्रायश्चित्त घेतले, तेच कर्म पुढच्या पिढीचे प्रायश्चित्त झाले. सेल्जुक तुर्कांची चढाई, बायझंटाइन सम्राटाची मदतीची हाक, पोप सातव्या ग्रेगरीने १०७४ मध्येच आखलेली पूर्वेची मोहीम ही सगळी कारणे इतिहासात आहेत आणि ती खरी आहेत. पण मोहीम का निघाली, हा एक प्रश्न. मारणाऱ्याला रडण्याची गरज का उरली नाही, हा दुसरा. माझ्या मते ख्रिस्ती विचार खरा वळला तो इथे, आणि आपण अजून मिल्वियन पुलावरच घुटमळतो आहोत.

या वळणाला शास्त्राधार पुरवला क्लेअरव्होच्या बर्नार्डने. ११२९ मध्ये त्रुआ इथल्या परिषदेत टेम्पलर सरदारांच्या संघाला नियमावली मिळाली. त्याच सुमारास बर्नार्डने या नव्या सरदारांची स्तुती करणारी पुस्तिका लिहिली. हा सरदार एकाच वेळी रक्तमांसाशीही लढतो आणि अदृश्य दुष्टतेशीही. अंगावर लोखंडी चिलखत, आत्म्यावर विश्वासाचे. इफिसकरांस पत्र जे वेगळे करते, ते बर्नार्डने एका माणसाच्या अंगावर चढवले. शब्द पौलाचेच राहिले, नकार तेवढा गळाला. बर्नार्ड स्वतः संन्यासी होता, आणि प्रेमावर त्याच्याइतके सुंदर लिहिणारे थोडेच. म्हणून हे जास्त लागते.

परिणाम तर बर्नार्डच्या आधीच दिसले होते. १०९६ च्या वसंतात जेरुसलेमच्या वाटेवरच्या टोळ्यांनी ऱ्हाइनकाठच्या वर्म्स आणि माइन्झ या शहरांतल्या ज्यूंची कत्तल केली. शत्रूला एकदा चेहरा दिला की तो शोधायला लांब जावे लागत नाही.

पुढचे माहीत आहे. उलट दिशेने चालणारेही होते. असिसीचा फ्रान्सिस १२१९ मध्ये निःशस्त्र सुलतान अल-कामिलला भेटला. जेझुइट संघाचा संस्थापक लॉयोला, इंग्लिश लेखक बनियन आणि आपल्याकडे मुक्तिफौज या नावाने आलेली साल्व्हेशन आर्मी यांनी सैनिकी भाषा पुन्हा आतल्या किंवा सेवेच्या लढाईकडे नेली. पण १९९० च्या दशकात अमेरिकेत धर्मोपदेशक पीटर वॅग्नर यांनी शिकवायला सुरुवात केली की शहरांवर, देशांवर ठरावीक दुष्टात्म्यांचा ताबा असतो आणि नकाशे काढून प्रार्थनेने तो मोडायचा असतो. पश्चिम आफ्रिकेपासून जपानपर्यंतच्या ज्या पट्ट्यावर तेव्हा प्रार्थनेची मोहीम निघाली, त्यात भारत येतो. ही भाषा आपल्याकडच्या प्रार्थनासभांतही पोचली आहे. हातात तलवार नसेल, पण शेजाऱ्याचे देऊळ सैतानाचा गड ठरले की शेजाऱ्याकडे आपण कोणत्या डोळ्यांनी बघणार? शत्रूला पत्ता मिळालाच ना?

आता पुन्हा किरिल. त्यांचा गुन्हा दुहेरी आहे, कारण क्लेरमाँ पाश्चात्त्य चर्चचे, त्यांच्या ऑर्थोडॉक्स परंपरेतले नाही. दहाव्या शतकात बायझंटाइन सम्राट निकेफोरस फोकस याने मागणी केली की युद्धात पडलेल्या सैनिकांना हुतात्मे म्हणून गौरवावे. कॉन्स्टँटिनोपलचा पेट्रिआर्क पॉलिएक्टस आणि त्याचे बिशप यांनी बासिलच्या त्याच तीन वर्षांच्या नियमावर बोट ठेवून ती फेटाळली. सम्राट जिंकत होता, तरी फेटाळली.

२०२२ मध्ये किरिल यांनी सगळ्या चर्चमध्ये म्हणण्यासाठी एक प्रार्थना नेमून दिली. तिच्यात विजय मागितला आहे. मॉस्कोतले धर्मगुरू इओआन कोवाल यांनी ती म्हणताना विजयाच्या जागी शांती मागितली. २०२३ मध्ये रशियन चर्चने त्यांचे धर्मगुरुपद काढून घेतले. त्याच वर्षी जूनमध्ये, पॉलिएक्टस ज्या पीठावर होता त्या कॉन्स्टँटिनोपलच्या पीठाने ते त्यांना परत दिले.