एका दिवसाचा मालक

लॉस एंजेलिसच्या बंदरात गोदी कामगाराचा मालक रोज बदलू शकतो. १९३४ च्या मोठ्या संपानंतर कामाचं वाटप एका सामाईक हॉलमधून होऊ लागलं; आज या कंपनीचं जहाज, उद्या त्या कंपनीचं. असाच एकजण तीस वर्षं कंटेनर बांधत होता. लॅशिंगचे लांब लोखंडी दांडे डोक्याच्या वर तोलून धरायचे, टोक भोकात अडकवायचं, खालचा आटा पिळून आवळायचा, की लगेच पुढची रांग. गुडघा पहिल्यांदा दुखावला तो एका जुन्या कंपनीच्या कामावर. मग झीज होतच गेली. ऑपरेशनची तारीख ठरली आणि त्याआधीचा शेवटचा दिवस त्याने भरला तिसऱ्याच कंपनीकडे.

भरपाईचा सगळा बोजा या शेवटच्या कंपनीवर आला. त्या दिवसाच्या चढउतारानेही झीज थोडी वाढली, असं डॉक्टरांचं मत पडलं. १९२७ च्या गोदी कामगार भरपाई कायद्याखाली कोर्टांनी रुळवलेल्या 'शेवटचा मालक जबाबदार' या नियमाला तेवढं पुरतं. अपंगत्व कायमचं आणि पूर्ण ठरलं, तर सरासरी मजुरीचे दोन तृतीयांश द्यायचे, तेही आयुष्यभर.

मॅनेजर उसळला. "राबवलं सगळ्यांनी, आणि एका दिवसापायी बिल आमच्या नावावर?" खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. तरी वॉशिंग्टनच्या अपील मंडळापुढे तो हरला. कामगाराचं मात्र काही अडलं नाही. नुसतं अपील केलं म्हणून हप्ता थांबवता येत नाही; दहा दिवसांत पैसे गेले नाहीत तर वर वीस टक्के भुर्दंड. कंपन्यांनी आपसात खुशाल भांडावं, त्याला ताटकळत ठेवून नव्हे.

"आता पॅसाडिनाच्या अपील कोर्टात जाऊ," मॅनेजर म्हणाला. कंपनीच्या वकीलबाईंनी कपाटातून एक जुनी फाइल काढून त्याच्यापुढे सरकवली. त्यातला माणूस बारा वर्षं याच कंपनीची क्रेन चालवणारा. मान इथेच धरली, शेवटचा आठवडा तेवढा दुसरीकडे. कंपनीने तेव्हा हाच नियम ठासून मांडला होता आणि एक डॉलरही न देता सुटली होती. कागदावर सही याच मॅनेजरची.

"मग त्याचे पैसे भरले कुणी?"

"ज्या जुन्या कंपनीच्या गळ्यात आता तुम्हाला हे मारायचंय, तिनेच. अजून भरतेय."

अपिलाला साठ दिवसांची मुदत होती. ती तशीच उलटून गेली.