बाहेरचा रंग व आतला गंज

“जुने ते सोने” असे आपण सारेच म्हणतो, आणि वेळ आली म्हणजे जुनी वस्तू मोडीत घालतो. काळाने वस्तूवर केलेल्या खुणेचा मान राखावा, की ती घासून काढावी? हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही.

गतवर्षी आम्ही एका खेड्यात एका घरी उतरलो होतो. तेथील म्हातारीला लग्नात मिळालेला तांब्याचा हंडा बाहेरून काळसर झाला होता. त्याच्या काठाजवळ टिंबाटिंबांनी तिच्या बापाचे नाव घातलेले होते. आईस संतोष व्हावा म्हणून मुलाने तो हंडा बाजारात नेऊन यंत्रावर घासून आणला. हंडा नव्यासारखा लखलखू लागला. म्हातारीने काठावरून बोट फिरविले व ती म्हणाली, “चांगला झाला रे बाळा. पण माझ्या बापाचं नाव कुठं गेलं?” मुलाने मान खाली घातली.

त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याने वयाला मळ समजण्याची चूक केली. तांब्यावर हवा व ओल यांचा परिणाम होऊन प्रथम तपकिरी व पुढे हिरवा थर येतो. उघड्या हवेतील हा थर धातूला घट्ट चिकटून खालच्या तांब्याचे रक्षण करितो. लोखंडाचा गंज तसा नव्हे. तो फुगतो, पापुद्र्यांनी सुटतो, व आतले लोखंड पुन्हा खाऊ लागतो.

न्यूयॉर्क बंदरात १८८६ साली उभारलेल्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यात ह्या दोन्ही गोष्टी एकत्र पाहावयास मिळाल्या. त्याचा तांब्याचा पत्रा सुमारे अडीच मिलिमीटर जाडीचा आहे. तो हिरवा पडू लागला तेव्हा १९०६ साली त्यास रंग देण्याचा विचार निघाला. परंतु लोकांनी हरकत घेतली, आणि हा थर पत्र्यास तारकच आहे असे तज्ज्ञांस आढळले. पुढे १९८४ ते १९८६ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा शंभर वर्षांत तांबे फारच थोडे झिजल्याचे दिसले. मात्र पत्र्यास आतून आधार देणाऱ्या लोखंडी पट्ट्या गंजून फुगल्या होत्या. त्या काढून न गंजणाऱ्या पोलादाच्या घालाव्या लागल्या. लोकांस चिंता बाहेरच्या रंगाची होती. घात आत चालला होता.

आमच्या म्हातारीस हे पुस्तकावाचून ठाऊक होते. बाहेरच्या काळेपणाकडे ती फारसे पाहत नसे. पण हंड्याचे आतले अंग चिंच व राख लावून नित्य घाशी, कारण त्यातले पाणी लेकरांच्या पोटात जावयाचे.

जुन्या वस्तूचे आपणांस आकर्षण का वाटते? जात्याचा खुंटा हातांनी गुळगुळीत होतो. ती झिलई वर्षानुवर्षांच्या पहाटांनी आलेली असते. व्यापारी नव्या पितळेवर औषध लावून ती जुनी भासवितात, परंतु त्या पहाटा त्यांस कोठून आणता येणार? रंगाची नक्कल होते, श्रमाची होत नाही.

माणसाचेही असेच आहे. पिकलेले केस, कष्टाने घट्टे पडलेले हात, जुन्या वळणाची बोली, ह्यांची लाज धरणारी मुले आपल्या बापाचे नाव आपल्याच हातांनी पुसतात. उलटपक्षी, भाऊबंदकीचे वैर किंवा जातीचा ताठा केवळ वाडवडिलांपासून चालत आला म्हणून जपणारा मनुष्य गंजाला दागिना समजतो. तेव्हा खूण किती जुनी आहे, हे विचारून भागत नाही. ती खालच्या वस्तूला राखते की खाते, हे विचारावे.

निघताना मुलगा आईस म्हणाला, “नाव पुन्हा घालून आणतो.” म्हातारी हसली. “आण. पण आता नातीचं घाल. काळा व्हायला तिचा जन्म आहे.”