गाणं देवाचं, देणं माणसांचं

संगीतात नाव कमावलेल्या माणसाला यशाचं कारण विचारलं, की देवाची कृपा आणि गुरूंचा आशीर्वाद या दोन गोष्टी उत्तरात हमखास येतात. हे उत्तर प्रामाणिक असतं. कुणी ऐकायला नसतं त्या रियाजाच्या वर्षांत माणसाला श्रद्धाच टिकवून धरते. पण गळा किंवा हात तयार झाल्यानंतरची वाट माणसांमधून जाते. कुणी पहिलं काम देतं, कुणी साथीला बसतं, कुणी दुसऱ्याकडे नाव सुचवतं, कुणी ठरलेले पैसे वेळेवर देतं आणि कुणी बुडवतं. या भागाबद्दल आपण फार कमी बोलतो. कलेत व्यवहार आणला की कला बाटते, असा एक समज त्यामागे असावा. मुंबईत, आणि विशेषतः तिच्या उपनगरांत, संगीत हा पोटापाण्याचा व्यवसाय कसा होत गेला हे पाहिलं, की हा समज टिकत नाही. कुणाच्या भरवशावर गायचं, या प्रश्नाचं उत्तर इथे पिढीगणिक बदलत गेलं आहे.

जुन्या घराण्यांत हा प्रश्नच वेगळा पडत नव्हता. शिष्य गुरूच्या घरी राहायचा, सेवा करायचा, गंडा बांधून घ्यायचा, आणि दोघांचाही भार शेवटी एखाद्या संस्थानिकावर असायचा. ही चौकट मोडण्याचं धाडस विष्णु दिगंबर पलुस्करांनी केलं. 1901 साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि 1908 मध्ये मुंबईत. पलुस्कर निस्सीम रामभक्त होते, आणि गवयाला समाजात मानाने जगता यावं हा त्यांचा तितकाच पक्का ध्यास होता. पुढे कर्जापायी मुंबईतल्या विद्यालयाची इमारत हातची गेली. सावकाराच्या वहीत भक्तीची नोंद होत नाही. तरीही त्यांचं काम बुडालं नाही. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर, ओंकारनाथ ठाकूर अशी शिष्यमंडळी ठिकठिकाणी उभी राहिली, आणि पलुस्करांच्या निधनानंतर 1931 मध्ये त्यांच्या शिष्यांनी मंडळ स्थापन करून ते पुढे नेलं. इमारत गेली तरी माणसं राहिली. श्रद्धा संस्थेच्या रूपाने टिकायची असेल, तर ती एकमेकांशी बांधलेल्या माणसांमध्ये उतरावी लागते. मला या कहाणीतून मिळालेला हा पहिला धडा आहे.

पुढचा टप्पा मालाडचा. 1934 मध्ये हिमांशू राय आणि देविका राणी यांनी तिथे बॉम्बे टॉकीज ही चित्रपटसंस्था उभारली आणि संगीताची जबाबदारी खुर्शीद होमजी या पारशी तरुणीवर सोपवली. भातखंड्यांच्या परंपरेत शिकलेली आणि बहिणीबरोबर रेडिओवर गाणारी ही मुलगी सिनेमात जाते हे पारशी समाजातल्या अनेकांना रुचलं नाही. विरोध झाला. मग खुर्शीदची सरस्वती देवी झाली आणि तिची बहीण माणेक पडद्यावर चंद्रप्रभा या नावाने आली. 1936 च्या ‘अछूत कन्या’मध्ये अशोककुमारसारख्या गाण्याची तालीम नसलेल्या नटाकडून सरस्वती देवींनी गाऊन घेतलं. त्यासाठी किती चिकाटी लागली असेल, हे शिकवणाऱ्या कुणालाही कळेल.

जिथे धर्मबांधवांनी हात आखडला, तिथे कामाच्या जागेने हात दिला, म्हणून या घटनेचं मोल मोठं आहे. पण त्या भरवशाला दोन मर्यादा होत्या. स्वतःचं नाव झाकून काम करावं लागलं, ही एक. आणि सगळा डोलारा एका मालकावर उभा होता, ही दुसरी. 1940 मध्ये हिमांशू राय वारले, स्टुडिओत फूट पडली, आणि बाहेर पडलेल्यांनी 1943 मध्ये गोरेगावला फिल्मिस्तान काढली. मालकाच्या शब्दावर उभं असलेलं सगळंच मालकामागे डळमळतं.

यानंतर पगारी वाद्यवृंद हळूहळू मोडले आणि वादक एकेका रेकॉर्डिंगवर पोट भरू लागले. या काळात सिनेसंगीताचा कणा ठरले ते गोव्याचे ख्रिस्ती वादक. पोर्तुगीज अमदानीत तिथल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवलं जाई. हेतू एवढाच, की रविवारच्या प्रार्थनेला साथ व्हावी. प्रार्थनेसाठी कमावलेली तीच विद्या मुंबईच्या स्टुडिओत उपयोगी पडली. माजोर्ड्याच्या चर्चमध्ये गायकवृंद सांभाळणाऱ्या वडिलांचा मुलगा अँथनी गोन्साल्विस 1943 मध्ये मुंबईला आला, संगीतकार नौशाद यांच्याकडे व्हायोलिन वाजवू लागला, आणि पुढे स्वतः शिकवू लागला. त्याच्या शिष्यांमध्ये ट्रंपेटवादक पंडित रामप्रसाद शर्मा यांचा मुलगा प्यारेलाल होता.

प्यारेलालची गाठ पडली विलेपार्ल्याच्या लक्ष्मीकांत कुडाळकरशी. वडील लवकर गेलेले, घरची स्थिती हलाखीची, आणि मेंडोलिनवर घर चालवण्याची वेळ आलेली. मंगेशकर कुटुंबाच्या सुरील कला केंद्रात ही दोन मुलं भेटली. पुढे दोघांनी कल्याणजी-आनंदजींकडे सहायक म्हणून उमेदवारी केली. 1963 मध्ये ‘पारसमणी’ या चित्रपटाने त्यांचं स्वतंत्र नाव झालं आणि 1998 मध्ये लक्ष्मीकांत जाईपर्यंत ते जोडनाव अभंग राहिलं. चाल कुणाची आणि वाद्यमेळ कुणाचा, याचा हिशेब जगापुढे न मांडता पस्तीस वर्षं एका नावाखाली काम करणं ही साधी गोष्ट नाही. एकाच्या चुकीची झळ दुसऱ्याने सोसायची आणि एकाच्या यशात दुसऱ्याने पुरतं सामील व्हायचं, असा तो करार होता. त्यांच्या ‘दोस्ती’ या चित्रपटाच्या गाण्यांत माउथ ऑर्गन वाजवायला राहुलदेव बर्मन येऊन बसले. ते प्रतिस्पर्धी घरातले, पण त्या काळात असं येणं-जाणं होतं.

आणि गुरूचं ऋण? 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’त अँथनीचं आडनाव गोन्साल्विस झालं ते प्यारेलाल यांच्या सांगण्यावरून. चर्चमध्ये तयार झालेल्या शिक्षकाला त्याच्या हिंदू शिष्याने दिलेली ही गुरुदक्षिणा देशभर दुमदुमली. मात्र याच आनंदातून एक दुखरी बाजूही दिसते. सेबॅस्टियन डिसूझांसारख्या अरेंजरांनी, म्हणजे वाद्यमेळ रचणाऱ्यांनी, असंख्य गाण्यांना आकार दिला, पण श्रोत्यांना त्यांची नावं कधी कळली नाहीत. एका कृतज्ञ शिष्यामुळे एका गुरूचं नाव उजेडात आलं. बाकीच्यांसाठी तशी व्यवस्थाच नव्हती. आणि न्याय कुणाच्या तरी चांगुलपणावर सोडला, की तो थोड्यांच्याच वाट्याला येतो.

चांगुलपणा की हक्क, हाच प्रश्न त्याआधी साठच्या दशकात लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांच्यात उभा राहिला. गाण्याच्या विक्रीत गायकालाही वाटा हवा, असं लताबाईंचं म्हणणं. गाण्याचं मानधन घेतलं की आपला हक्क संपला, असं रफीसाहेबांचं. मतभेद इतका वाढला की काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. रफीसाहेबांच्या भूमिकेत समाधानी, देवभीरू माणसाची निरिच्छता आहे आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. तरीही माझं मत लताबाईंच्या बाजूने पडतं. स्वतःचा हक्क सोडण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. पण मोठ्या गायकाने तो सोडला, की लहान गायकाला तो मागताच येत नाही. एकाचं औदार्य दुसऱ्याच्या गळ्याला फास होऊ नये, एवढा विचार व्यवसायात करावा लागतो.

कायद्याला या विचारापर्यंत यायला फार वेळ लागला. गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी 1969 मध्ये आयपीआरएस ही संस्था झाली, पण 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल चित्रपट निर्मात्यांच्या बाजूने लागला. पुढे 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यासाठी गीतकार जावेद अख्तर राज्यसभेत आणि बाहेर झगडले. चित्रपटगृहाबाहेर गाणं वाजलं, तर त्या रॉयल्टीतला समान वाटा गीतकार-संगीतकाराला मिळालाच पाहिजे, आणि त्याने सही करून दिली तरी तो हक्क निर्मात्याकडे जात नाही, हे त्या दुरुस्तीचं सार. कामासाठी आलेला नवखा माणूस समोर ठेवलेल्या कुठल्याही कागदावर सही करतो, ही वस्तुस्थिती कायद्याने ओळखली. व्यावसायिक गायकांनाही रॉयल्टीचा हक्क मिळाला. वादकापर्यंत तो पैसा पोचण्याची वाट मात्र अजून खडतर आहे.

आज अंधेरीत एका खोलीतही स्टुडिओ थाटता येतो. गायक एका ठिकाणी, वादक दुसऱ्या, आणि मिक्सिंग करणारा तिसऱ्याच गावी. एकमेकांना न भेटताही गाणं तयार होतं. अशा वेळी मला मुलुंड, भांडुप, घाटकोपर, बोरिवलीतल्या कोकणी माणसांची भजनाची डबलबारी आठवते. दोन बुवा आमनेसामने बसतात, पखवाज आणि झांजा तापतात, कोरस उचलून धरतो आणि रात्र सरते. गाणं देवाचं असतं, आणि कार्यक्रमाची सुपारी रीतसर ठरलेली असते. बुवा गुरूचं नाव घेतात, समोरच्या बुवाला शब्दांत पकडतात आणि बारी संपल्यावर त्याच्याशी स्नेहही राखतात. इथे भक्ती आणि बिदागी एकाच सतरंजीवर बसतात आणि त्यात कुणाला विटाळ वाटत नाही. जो बुवा आपल्या पखवाजवाल्याला आणि कोरसच्या पोरांना त्यांचा वाटा नीट देतो, त्याचा संच वर्षानुवर्षं टिकतो. जो देत नाही, त्याला दर हंगामात नवी माणसं शोधावी लागतात.

घराणं, मालक, जोडीदार, कायदा अशी ही भरवशाची वाटचाल आहे. पुढच्या टप्प्याने मागचा पुसला नाही. लेखी करार झाला म्हणून स्नेह अनावश्यक ठरत नाही. उलट पैशांचं स्पष्ट ठरलेलं असलं, की स्नेहावर संशयाचं ओझं पडत नाही. म्हणून संगीतात येणाऱ्या मुलामुलींनी देवाला नमस्कार करून रियाजाला बसावं, आणि काम घेताना अटी लिहून घ्यायला लाजू नये. ज्यांच्या हातात काम देणं आहे, त्यांची जबाबदारी अधिक मोठी. ढोलकीवाल्याचे पैसे त्याच रात्री द्यावेत, अरेंजरचं नाव गाण्याबरोबर छापावं, आणि नवख्याला कागद वाचायला वेळ द्यावा. आपण देवाला मानतो असं सांगणाऱ्या कलावंताची श्रद्धा मला त्याच्या पूजेवरून कळत नाही. त्याच्यामागे बसलेल्या साथीदाराला त्याच्याबद्दल काय वाटतं, यावरून ती कळते.